नाकाने बघायचे डबे

जुन्नरला मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते, ते गृहस्थ एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते; पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोचली नव्हती. सकाळी खालून पुकारा व्हायचा, "माडीवरच्या मॅडम, चहा फलाट क्रमांक दोनवर लागलेला आहे. प्रवाशांनी त्वरित यावे." फलाट क्रमांक दोन म्हणजे मागचं अंगण. एक नंबरवर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, फक्त पाहुण्यांना चहा मिळे. सुरुवातीला मीही एक नंबरवरच होते, मग दोनला बढती मिळाली. सगळी आळी त्यांना कंट्रोलर म्हणायची. मी काका म्हणायचे.

मी मूळची साताऱ्याकडची, इथे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आले होते. खोली बघायला गेले तेव्हा काकांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही, अजून लग्न कसं नाही हेसुद्धा विचारलं नाही. माणूस जगावेगळा आहे हे मला तिथेच कळायला हवं होतं. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी चहापत्ती कशात ठेवतात?"

"प्लास्टिकच्या बरणीत."

त्यांचा चेहरा पडला. "आन् आजीच्या घरी?"

पितळी डबा होता, झाकणावर मोर होता, असं मी आठवून सांगितलं.

"आता कुठं हाय तो?"

माहीत नाही म्हटलं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि खोली दिली, बहुधा दयेपोटी.

काकांना जुन्या चहाच्या डब्यांचा नाद होता. मधल्या खोलीत भिंतभर काचेची कपाटं होती आणि त्यांत पत्र्याचे, पितळेचे, शिसवी लाकडाचे, चिनी मातीचे डबेच डबे. कुणावर हत्तीची अंबारी, कुणावर वेलबुट्टी, कुणावर नुसताच गंज. डब्यांचे सगेसोयरे म्हणून पानपुडे, अत्तरदाण्या, कान तुटलेल्या कपबश्या आणि किटलीला थंडी वाजू नये म्हणून विणलेल्या लोकरीच्या टोप्याही होत्या. माणसांना स्वेटर नसेल पण किटलीला टोपी होती, अशी कुठकुठली घरं काकांनी शोधून काढली होती. नोकरीत असताना तालुक्यातलं गाव न् गाव त्यांना ठाऊक झालेलं. निवृत्तीनंतर ते पिशवी घेऊन निघत, कधी ओतूरकडे, कधी आळेफाट्याकडे, आणि कुणाच्याही दारात उभं राहून पाणी मागत. पाणी मागितलं की आपल्याकडे चहा येतोच. चहा आला की नजर फळीवर जायची.

विकत मात्र ते काही घेत नसत. पिशवीत नवा कोरा स्टीलचा डबा असायचा, चहापत्तीने काठोकाठ भरलेला. तो द्यायचा आणि जुना घ्यायचा. काकू डोक्याला हात लावून म्हणायच्या, "माझ्या बापानं कंट्रोलर बघून दिली मला. निघाली बोहारीण." त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर होतं, "बोहारीण जुनं लुगडं घेते, मी सासूबाईंचा जीव घेतो." जुन्या डब्यात सासूबाईंचा जीव असतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते अगदीच खोटं नव्हतं. लोणीला एका घरी त्यांना शिसवी पेटी सापडली. आत दोन कप्पे आणि पुढे इवलंसं कुलूप. एके काळी चहा कुलपात असे आणि किल्ली सासूच्या कमरेला. आता त्या पेटीत मोटारीचे नटबोल्ट पडले होते. घरातला मुलगा आनंदाने द्यायला तयार झाला. काकांनी किल्ली विचारली, तर कोपऱ्यात घोंगडीवर पडलेल्या म्हातारीचा आवाज आला, "किल्ली हाय माज्याकडं. पन द्यायची न्हाई."

"आजी, पेटी चालली, आता किल्लीचं काय करताय?"

"ऱ्हाऊ दे. सुनंला कळाया नको, पेटी उगडीच व्हती म्हून."

काका तशीच पेटी घेऊन आले आणि आठवडाभर खुशीत होते. येईल त्याला म्हणायचे, "राव, किल्ली तिच्याकडंच शोभते."

त्यांचा एक नियम मात्र सगळ्या नातेवाइकांत दहशतीचा होता. डब्यांना बाहेरून हात लावायचा नाही. ओलं फडकं नाही, कोरडं नाही, दिवाळीतसुद्धा नाही. एकदा पुतणीने हौसेने एक पितळी डबा पावडर लावून लख्ख केला, तर काका तिच्याशी होळीपर्यंत बोलले नाहीत. "जुन्या माणसाच्या तोंडाला पावडर फासता व्हय?" त्यामुळे त्यांचं प्रेम या रंगांवर, गंजावर आणि चित्रांवर आहे, अशी सगळ्यांची समजूत झाली होती.

खरी गोष्ट फक्त काकूंना ठाऊक होती, आणि माडीवर राहिल्यामुळे मला. कोणी नसताना काका एकेका डब्याचं झाकण उघडत, डोळे मिटत आणि आत नाक घालत. पुण्याहून गाडी घेऊन आलेला एक जुन्या वस्तूंचा व्यापारी तासभर डबे उलटेपालटे करून, टिचक्या मारून, बुडं तपासून गेला. तो गेल्यावर काका म्हणाले, "येकाचंबी झाकण उघडलं न्हाई बघा. अन् म्हणे जाणकार." डबा नाकाने बघायचा असतो, हे त्यांचं शास्त्र. चहा, वेलदोडा, सुंठ, शेजारी ठेवलेली मिश्री, भिंतीची ओल, चुलीचा धूर, असं एकेक घर त्या डब्यात मुरलेलं असतं म्हणे. लोक वेडा म्हणतील म्हणून हे त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

मलाही त्यांनी एकदा वास घ्यायला लावला. मी म्हटलं, "गंजाचा येतोय." ते म्हणाले, "खरं बोललात, हेच लई झालं." आणि मग कपाटाच्या वरच्या खणातून त्यांनी एक लाल पत्र्याचा डबा काढला. छत्री घेतलेल्या मडमेचं चित्र, पण मडमेला तोंडच नाही. त्यांची आई झाकण उघडताना तिथेच अंगठा टेकवायची, त्यात ते झिजून गेलं होतं. हा डबा त्यांच्या जुन्या घरातला, आंबेगावातला. ते गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचे दगड वर येतात, लोक बघायला जातात, फोटो काढतात. "आमचं घर मातीचं," काका म्हणाले. "मातीचं घर परत वर येत न्हाई." त्यांनी झाकण माझ्या नाकाशी धरलं आणि लगेच बंद केलं, जास्त वेळ उघडा ठेवला तर उडून जाईल म्हणून. तेवढ्यात मला धूर आला, जुना चहा आला आणि पावसात भिजलेल्या घोंगडीसारखं काहीतरी. रसायनशास्त्राने नाही म्हणून मान हलवली असती, पण मी गप्प बसले. त्या माणसाचं सगळं घर आता एवढंच उरलं होतं आणि ते झाकणाखाली होतं. बाकीचे डबे या एका डब्याला सोबत म्हणून जमवले असावेत, असं मला तेव्हापासून वाटतं.

मग कोरोना आला. काका-काकू दोघांनाही झाला. काकूंचं थोडक्यात निभावलं, पण काकांना मंचरला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि काकू बऱ्या होऊन तिथेच जवळ एका नातेवाइकाकडे थांबल्या. मी माडीवर कोंडलेली, मोबाइलवर मुलांना संयुगं शिकवत होते. खालच्या घराकडे आळीतलं कुणी फिरकत नव्हतं. समोरून जातानासुद्धा लोक पलीकडची कड धरत.

अशात काकांना सोडणार असल्याचा निरोप आला आणि डिंगोऱ्याहून त्यांची थोरली बहीण, आक्का, आल्या. मुलाने मोटारसायकलवरून त्यांना आळीच्या तोंडाशी सोडलं आणि तो तिथूनच मागे फिरला. मी जिन्यातून ओरडले, "आक्का, आत नका जाऊ, अजून औषध मारलेलं नाही."

"मरायचं वय झालंया माजं, बाई. भाऊ घरी यायचा न् घर असं पारोसं ठिवू व्हय?"

दोन दिवस त्या बाईने एकटीने घर धुतलं. भिंती पुसल्या, गाद्या उन्हात टाकल्या, भांडं न् भांडं उकळत्या पाण्यातून काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहज गॅलरीतून खाली बघितलं. मागच्या अंगणात काकांचे सगळे डबे झाकणं उघडून उन्हात मांडलेले होते.

"आक्का! हे काय केलंत?"

त्यांनी कमरेवर हात ठेवून अभिमानाने वर बघितलं. "भायेरून बोटबी लावलं न्हाई. मला काय भावाचा सोभाव म्हाईत न्हाई? आतून तेवढं घासलंय, चिच लावून, मंग सोडा. काय वास मारत व्हते, बाई गं!"

मी आत जाऊन बसले. मला रडूच आलं, खरं सांगते. आणि राग कोणावर काढणार? ज्या घरात पाऊल ठेवायला कुणी धजत नव्हतं तिथे ही बाई हाताची सालं निघेपर्यंत घासत होती. चूक तरी काय होती तिची? डबा आतून स्वच्छ असावा, एवढंच ना? आपल्याकडे कुठल्या बाईने वेगळं केलं असतं?

काका यायच्या आदल्या दिवशी काकू आल्या. त्यांनी कपाट उघडलं, एका डब्यात डोकावलं, मग दुसऱ्या. मग नणंदेकडे वळल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, लई कष्ट घेतलं तुम्ही." आक्कांना साडी नेसवून, ओटी भरून पाठवलं. आक्कांची पाठ वळल्यावर मात्र त्या मटकन खाली बसल्या. "आता ह्यांना काय सांगू गं मी? आधीच तिथनं अर्धे होऊन येतायत."

आणि मग त्या बाईने जे केलं त्याला माझ्या विषयात नाव नाही. संसारभर नवऱ्याने नाक घालून घालून प्रत्येक डब्याचं वर्णन ऐकवलं होतं. ते काकूंना तोंडपाठ होतं. आम्ही दोघी तोंडाला मास्क लावून वास परत भरायला बसलो. ह्यात सुंठ. ह्यात वेलदोड्याची सालं. ह्यात गवती चहा. लोणीच्या पेटीला मिश्री चोळली. एक नक्षीचा पितळी डबा कल्हईवाल्या चाचांच्या घरचा होता, त्याला अत्तर हवं होतं. काकूंनी चाचांना फोन केला. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि अत्तराचा फाया दाराच्या कडीत अडकवून गेले. लांबूनच म्हणाले, "भाभी, आमच्या अम्मीचा वास चोरायला लागलाय, पन आमी तक्रार करनार न्हाई."

फक्त मडमेचा डबा काकूंनी बाजूला ठेवला. त्या माहेरच्या आळे गावच्या, लग्न होऊन आल्या तेव्हा आंबेगावचं घर पाण्याखाली गेलेलं. "ती चूल मी बघितलीच न्हाई," त्या म्हणाल्या. "काय भरू ह्याच्यात?" तो तसाच रिकामा वरच्या खणात गेला.

काका आले. वाळलेले, दाढी वाढलेली, आवाजातला फलाट पार बसलेला. थोडं पाणी पिऊन ते मधल्या खोलीत गेले. आम्ही दाराआड श्वास रोखून उभ्या. त्यांनी एक डबा उघडला, डोळे मिटले, नाक घातलं. बराच वेळ तसेच राहिले. "सुंठ," ते म्हणाले. "आहे. जसाच्या तसा." दुसरा, तिसरा. "हा चाचांचा. वा." काकूंनी माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली. मडमेच्या डब्यावर मात्र त्यांनी नुसता हात ठेवला आणि कपाट लावून घेतलं. आम्हाला वाटलं, देव पावला.

तो कसा पावला ते पुढच्याच आठवड्यात कळलं. काकू औषधं आणायला गेल्या होत्या. काका स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलेले आणि त्यांच्या हाताशी गॅसवर दूध करपून कोळसा होत होतं. मला माडीवर वास आला म्हणून मी धावत खाली आले. काका शांतपणे पान उलटत होते.

काकू आल्यावर त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पातेलं उचलून मोरीत नेऊन ठेवलं. संध्याकाळी मला म्हणाल्या, "नाक गेलंय ह्यांचं. त्या रोगानं नेलं. अन् आपण उगंच मिश्री चोळीत बसलो."

"मग ते वास ओळखतात कसे?"

"कुठला डबा कुठल्या घरचा, ते काय नाकाला विचारावं लागतं व्हय?"

सांगून टाका म्हणून मी खूप मागे लागले. काकूंनी ऐकलं नाही. "त्यांना वाटतंय, मी फसले. तेवढा आधार हाय त्यांना. असू दे." असं जवळजवळ वर्षभर चाललं. रोज सकाळी काका एक डबा उघडून वास सांगायचे आणि काकू चहा गाळता गाळता हो म्हणायच्या. मी दोन नंबरच्या फलाटावर बसून दोघांकडे बघायचे. मला आधी हसू यायचं, नंतर नंतर येईनासं झालं. वरच्या खणाला मात्र काका हात लावत नव्हते. आपल्याला काही येणार नाही, हे त्यांना तिथे सोसलं नसतं.

मग एके दिवशी सकाळी काकूंनी आमटीला फोडणी दिली आणि काका अंगणातून ताडकन उठले. "हिंग," ते म्हणाले. "हिंग घातलास?" काकूंच्या हातातली पळी तशीच राहिली. काका लहान मुलासारखे हसत स्वयंपाकघरात आले, फोडणीवर वाकले, शिंकले, आणि कुणी काही बोलायच्या आत मधल्या खोलीत गेले. थेट वरच्या खणाकडे.

झाकण उघडल्याचा आवाज आला. नंतर काहीच आवाज आला नाही.

काकू दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. आक्का कशा आल्या, काय घासलं, आपण काय काय भरलं. काका ऐकत होते. बाकीच्या डब्यांना त्यांनी हातही लावला नाही. रिकामा डबा मांडीवर घेऊन ते एवढंच म्हणाले, "आक्काला बोलव."

आक्का दुपारच्या गाडीने आल्या. काकूंनी त्यांना वाटेतच गाठून सावध केलं होतं, तरी त्या ताठ मानेने आत शिरल्या. काकांनी डबा पुढे केला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"आक्का, ह्यात आपलं घर होतं गं. वास होता. तुला आला नाही का?"

"आला की," आक्का म्हणाल्या.

काकांना हे अपेक्षित नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

"झाकान उगडलं न् आईच हुबी ऱ्हायली म्होरं," आक्का म्हणाल्या. "चुलीपाशी बसलेली, धुरानं डोळं पुशीत. मी तितंच बसून रडले, भाऊ. लई रडले."

"मग घासलास कशाला?"

"आई म्होरं हुबी म्हनल्यावं न घासून सांगती कुनाला?" आक्कांचा आवाज वर गेला. "तिनं कवा असा डबा ठिवला असता का? तू तवा ल्हान व्हतास, तुला नुसता वास ठावं. मला तिनं चुलीम्होरं बसवून शिकवलंय. भायेरून गाव बगतं, आतून आपुन खातो, पह्यलं आतून घास. धुराचा वास यायला लागला की धपाटा घालायची. ह्यो वास तिचा नव्हता, भाऊ. ती गेल्यावर कुनी डबा घासला न्हाई, त्याचा व्हता."

मला वाटलं, आता हा माणूस मोडून पडणार. काका डब्याकडे बघत राहिले, मग बहिणीच्या हातांकडे. ते हात चिंचेने आणि सोड्याने कायमचे खरखरीत झाले होते. त्यांनी डबा आक्कांच्या हातात दिला.

"घास परत," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

आक्कांनी एकदा भावजयीकडे बघितलं. काकूंनी चिंचेचा गोळा आणून दिला. आक्का मोरीत बसल्या, पदर खोचला, डब्यात मनगटापर्यंत हात घातला आणि गोल गोल घासायला लागल्या. कोपरे, मग बूड, मग झाकणाची कड. काका मोरीच्या उंबऱ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि एकटक बघत राहिले. पाण्याचा एक शिंतोडा त्यांच्या तोंडावर उडाला तरी त्यांनी तो पुसला नाही.

वर न बघता, घासता घासता, आक्का एकदम दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात खेकसल्या, "सरक मागं. भिजशील."

आणि अख्ख्या डेपोला दरडावणारा तो म्हातारा माणूस निमूटपणे मागे सरकला.